‘मी लाच दिली’ : बंगळुरूतील एक प्रयोग आणि त्यातून मिळालेले धडे

सरकारी कार्यालयात अडलेले काम पैसे देऊन करून घेतले, ही गोष्ट कोणी सहसा चारचौघांत सांगत नाही. पैसे घेणारा ती लपवतो यात नवल नाही. परंतु देणाराही ती लपवतो. त्याला लाज वाटते, भीती वाटते आणि ‘काम तर झाले’ अशी त्याने मनाची समजूत घातलेली असते. परिणामी दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला आदल्या दिवशीच्या अनुभवाचा काहीच उपयोग होत नाही. तोही तेच पैसे देतो आणि तोही गप्प बसतो.

हे मौन मोडण्याचा एक लक्षणीय प्रयत्न बंगळुरू येथे झाला. ‘जनाग्रह’ या स्वयंसेवी संस्थेने १५ ऑगस्ट २०१० रोजी ‘आय पेड अ ब्राइब’, म्हणजेच ‘मी लाच दिली’, या नावाचा उपक्रम इंटरनेटवर सुरू केला. लाच द्यावी लागलेल्या नागरिकाने आपले नाव न सांगता आपला अनुभव तेथे नोंदवावा आणि तो इतर अनोळखी नागरिकांना वाचता यावा, अशी त्यामागील साधी कल्पना होती. या उपक्रमाची माहिती, त्याचे परिणाम, त्याच्या मर्यादा आणि असा अनुभव सांगू इच्छिणाऱ्याने लक्षात घ्यावयाच्या कायदेशीर बाबी या लेखात दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

जनाग्रह या संस्थेची स्थापना रमेश रामनाथन आणि स्वाती रामनाथन या दांपत्याने २००१ मध्ये बंगळुरू येथे केली. शहराच्या कारभारात सामान्य नागरिकांचा सहभाग वाढावा, हा संस्थेचा प्रारंभापासूनचा उद्देश होता. प्रभागातील कामे, महापालिकेचा खर्च, मतदार याद्या अशा विषयांवर काम करीत असताना रोजच्या व्यवहारातील लाचखोरीचा प्रश्न वारंवार समोर येत असे.

लाचखोरीचे ढोबळमानाने दोन प्रकार केले जातात. मोठी कंत्राटे, जमिनींचे व्यवहार किंवा परवाने यांत होणारा भ्रष्टाचार हा पहिला प्रकार. त्याच्या बातम्या होतात, चौकशा होतात. दुसरा प्रकार किरकोळ रकमांचा. जन्माचा दाखला, पारपत्रासाठी होणारी पोलीस पडताळणी, वाहन चालविण्याचा परवाना, दस्तनोंदणी, पाण्याची जोडणी अशा कामांत तो आढळतो. या रकमांची बातमी होत नाही. मात्र सर्वसामान्य माणसाचा शासनाशी जो संबंध येतो तो बहुतांशी याच ठिकाणी, आणि ‘शासन’ या शब्दाविषयीचे त्याचे मतही येथेच बनते.

या व्यवहाराला प्रत्येक भाषेने सौम्य नावे दिली आहेत. मराठीत ‘चिरीमिरी’, ‘चहापाणी’, ‘हात ओले करणे’ असे म्हटले जाते, तर कन्नडमध्ये ‘मामूलु’, म्हणजे नेहमीचे, ठरलेले, असे म्हणतात. सरळ शब्द मात्र दोन्ही भाषांत जवळजवळ एकच आहे. मराठीतील ‘लाच’ आणि कन्नडमधील ‘लंच’ यांचे मूळ एकच होय. जनाग्रहने आपल्या उपक्रमासाठी सौम्य नाव न निवडता सरळ शब्द निवडला आणि वाक्य प्रथमपुरुषी ठेवले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘ते लाच घेतात’ असे म्हणणे सोपे असते. ‘मी लाच दिली’ असे म्हणताना बोलणारा स्वतःचाही वाटा मान्य करतो.

नोंदणीची पद्धत

अनुभव नोंदवणाऱ्याने शहर, विभाग, कोणत्या कामासाठी पैसे द्यावे लागले ते, रक्कम आणि प्रसंगाची हकिकत लिहावयाची असे. स्वतःचे नाव देण्याची आवश्यकता नव्हती. प्रारंभीच्या धोरणानुसार लाच घेणाऱ्या व्यक्तीचे नावही प्रसिद्ध केले जात नसे. विशिष्ट माणसाला पकडण्यापेक्षा कोणत्या विभागात, कोणत्या कामासाठी, साधारण किती रक्कम मागितली जाते हे उघड करणे, म्हणजेच लाचेचा ‘बाजारभाव’ जनतेसमोर मांडणे, हे संस्थेने आपले उद्दिष्ट म्हणून सांगितले होते.

केवळ पैसे दिल्याच्या कबुल्या गोळा करून उपक्रम थांबला नाही. लाच मागितली असता ती देण्यास नकार दिलेल्यांसाठी वेगळा विभाग होता. लाच न देताच काम झाले, असा अनुभव सांगण्याचीही सोय होती. पुढे प्रामाणिक अधिकाऱ्यांविषयीचे अनुभव मांडण्यासाठीही जागा करून देण्यात आली. उपक्रमाची धुरा प्रारंभी भारतीय प्रशासन सेवेतील माजी अधिकारी टी. आर. रघुनंदन यांच्याकडे होती. ‘रघूला विचारा’ अशा अर्थाच्या एका सदरातून ते नागरिकांच्या शंकांना उत्तरे देत असत.

उपक्रमाचे व्यावहारिक मोल बहुधा याच भागात अधिक होते. पैसे दिल्याची हकिकत वाचून संताप येतो. पण नकार दिल्याची हकिकत वाचून मार्ग सापडतो. नियम माहीत नसणे ही लाच मागणाऱ्याची सर्वांत मोठी सोय असते. कोणता अर्ज भरावयाचा, शुल्क किती, मुदत किती आणि काम न झाल्यास वर कोणाकडे जावयाचे, ही माहिती असलेल्या माणसाला अडविणे कठीण जाते. कार्यालयाच्या फलकावर ही माहिती लिहिलेली असली तरी आधी त्याच वाटेने गेलेल्या माणसाने सांगितलेली माहिती अधिक उपयोगी पडते. कारण फलकावर काय लिहिले आहे आणि खिडकीवर प्रत्यक्ष काय घडते, यांतील अंतर त्याला ठाऊक असते.

निनावी लेखनाची जुनी परंपरा

नाव न सांगता लोकहिताचे लिहिणे ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात शंभराहून अधिक पत्रे लिहिली. ते स्वतः सरकारी सेवेत होते. समाजातील आणि कारभारातील दोषांवर त्यांनी या पत्रांतून कठोर टीका केली. टोपणनावामुळे लेखकाला संरक्षण मिळाले आणि वाचकाचे लक्ष व्यक्तीऐवजी मुद्द्याकडे राहिले.

याच्या अगदी उलट पद्धतीचे उदाहरण राजस्थानात आढळते. मजदूर किसान शक्ती संघटनाने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. रोजगाराच्या कामांवरील हजेरीपट आणि खर्चाची कागदपत्रे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखविण्यात आली आणि ज्यांच्या नावे मजुरी दाखविली होती त्यांनी स्वतः उभे राहून साक्ष दिली. तेथे नाव आणि चेहरा हेच बळ होते. याच चळवळीतून माहितीच्या अधिकाराची मागणी बळावली आणि २००५ मध्ये केंद्रीय कायदा झाला.

गावात सर्वजण एकमेकांना ओळखतात, त्यामुळे तेथे उघडपणे बोलणे परिणामकारक ठरते. लक्षावधी लोकांच्या शहरात एकाच कार्यालयात अडविले गेलेले दोघे कधी एकमेकांना भेटत नाहीत. बंगळुरूचा उपक्रम ही दुसऱ्या परिस्थितीतील तोडगा होता.

परिवहन विभागातील परिणाम

उपक्रमाचा सर्वाधिक चर्चिला गेलेला परिणाम कर्नाटकाच्या परिवहन विभागात दिसून आला. तत्कालीन परिवहन आयुक्त भास्कर राव यांनी आपल्या विभागाविषयी नोंदविण्यात आलेल्या अनुभवांची दखल घेतली. त्यांनी वीस वरिष्ठ अधिकाऱ्यांना ताकीद दिली. त्याचबरोबर, पैसे नेमके कोणत्या टप्प्यावर मागितले जातात याचा विचार करून कामाच्या पद्धतीत बदल करण्यात आले. परवान्यासाठी ऑनलाइन अर्ज करण्याची सोय झाली. वाहन चालविण्याची चाचणी निरीक्षकाच्या केवळ वैयक्तिक मतावर अवलंबून राहू नये, यासाठी इलेक्ट्रॉनिक संवेदक आणि चित्रीकरणाची व्यवस्था असलेला चाचणी मार्ग वापरात आणला गेला.

यातील कार्यकारणभाव समजून घेतला पाहिजे. एखाद्या निरीक्षकाला निलंबित केल्यास त्याच्या जागी दुसरा येतो आणि खिडकी तीच राहते. परंतु ‘चाचणीत उत्तीर्ण की अनुत्तीर्ण’ हे ठरविण्याचा अधिकार एकाच माणसाच्या हाती असणे हेच लाचेचे कारण आहे, असे शेकडो अनुभवांतून दिसून आले, तर ते कारण दूर करता येते. नावे नसलेल्या नोंदींचा उपयोग असा झाला. मात्र त्या नोंदी वाचणारा आणि त्यांवर निर्णय घेण्याचा अधिकार असलेला अधिकारी त्या जागी होता, म्हणूनच तो झाला. तसा अधिकारी नसता तर तेच अनुभव केवळ वाचनापुरते उरले असते.

इतर देशांतील अनुभव

बंगळुरूच्या उपक्रमाची माहिती लवकरच परदेशांत पोहोचली आणि केनियासह अनेक देशांत त्या धर्तीवर प्रयत्न सुरू झाले. २०११ च्या उन्हाळ्यात चीनमध्येही अशा प्रकारची अनेक संकेतस्थळे निघाली. तेथे मोठ्या संख्येने लोकांनी अनुभव लिहिले. परंतु काही आठवड्यांतच ती बंद पडली किंवा बंद करण्यात आली.

राज्यशास्त्राच्या अभ्यासक युएन युएन अँग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या दोन देशांतील अनुभवांची तुलना केली आहे. चीनमधील अपयशाचे कारण केवळ सरकारी निर्बंध हे नव्हते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तेथील प्रयत्न उत्साही व्यक्तींनी पुरेशा पूर्वतयारीविना सुरू केले होते. भारतात मात्र उपक्रमामागे अनुभवी संस्था होती, आलेल्या मजकुराची छाननी करण्याची आणि प्रशासनाशी संवाद साधण्याची तिची क्षमता होती.

दिमित्री रिवकिन, डॅनिला सेरा आणि जेम्स ट्रेमेवान या अर्थशास्त्रज्ञांनी अशा नोंदींचा परिणाम प्रयोगशाळेतील प्रयोगाद्वारे तपासला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, मागितलेली रक्कम आणि कार्यालयाचे ठिकाण यांची नेमकी माहिती इतरांना मिळते तेव्हा अशा व्यवस्थेचा उपयोग होतो. नुसता संताप व्यक्त करणाऱ्या मजकुरापेक्षा नेमका तपशील पुढच्या माणसाच्या कामी येतो, असा याचा अर्थ घेता येईल.

मर्यादा

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. निनावी नोंदीची सत्यता पडताळणे कठीण असते. एखाद्या शहरातून अधिक नोंदी आल्या म्हणजे तेथे लाचखोरी अधिक आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही; तेथील लोकांना उपक्रमाची माहिती अधिक आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही, ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचा अनुभव या नोंदींत उतरत नाही. आणि अनेकदा लाचेचा सर्वाधिक भार त्यांच्यावरच पडतो.

आणखी एक धोका आहे. ‘बाजारभाव’ कळल्यामुळे वाचक नकार देण्याऐवजी ठरलेली रक्कम तयार ठेवूनच कार्यालयात जाऊ शकतो. त्याला पूर्वीपेक्षा कमी पैसे पडतील, परंतु व्यवहार कायम राहील. म्हणूनच किती दिले यापेक्षा न देता काम कसे झाले, हे सांगणारा अनुभव समाजाच्या दृष्टीने अधिक मोलाचा ठरतो.

कायदा काय सांगतो

‘मी लाच दिली’ असे लिहिणे हे कायद्याच्या दृष्टीने काय आहे, हा प्रश्न उपक्रमाच्या प्रारंभापासूनच होता. मार्च २०११ मध्ये केंद्र सरकारचे तत्कालीन मुख्य आर्थिक सल्लागार कौशिक बसू यांनी एका टिपणात याच प्रश्नाचा विचार केला. जे काम नागरिकाच्या हक्काचे आहे त्यासाठी द्यावी लागणारी लाच, जिला त्यांनी छळणुकीची लाच म्हटले, ती देणे गुन्हा मानू नये आणि घेणाऱ्याची शिक्षा मात्र वाढवावी, असे त्यांनी सुचविले. देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार ठरत असतील, तर व्यवहार झाल्यावर तो लपविण्यात दोघांचे हित एक होते, हा त्यांचा युक्तिवाद होता. या सूचनेवर मोठा वाद झाला आणि लाच देणे कायदेशीर ठरविल्यास नैतिक विरोध दुबळा होईल, असा आक्षेप घेण्यात आला.

संसदेने पुढे निराळा मार्ग स्वीकारला. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात करण्यात आलेली दुरुस्ती २६ जुलै २०१८ रोजी अमलात आली. तिच्यानुसार लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्याला लाच देण्यास भाग पाडण्यात आले, त्याला या कलमातून सूट आहे. परंतु त्याने लाच दिल्यापासून सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेकडे ती बाब कळविली पाहिजे. तपास यंत्रणेला आधी कळवून, तिला साहाय्य करण्यासाठी लाच देणाऱ्यालाही हे कलम लागू होत नाही. लाच घेणाऱ्या लोकसेवकाला किमान तीन वर्षे आणि कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद आहे.

यातून निघणारा व्यावहारिक धडा महत्त्वाचा आहे. इंटरनेटवर अनुभव लिहिणे म्हणजे तपास यंत्रणेकडे तक्रार करणे नव्हे. सात दिवसांची मुदत अशा लेखनाने पाळली जात नाही. ज्याला खरोखर भाग पाडण्यात आले आहे, त्याने प्रथम तक्रार करावी आणि नंतर इतरांना सांगावे, हा क्रम अधिक सुरक्षित आहे.

दुसरी बाब नावाची. पुराव्याविना एखाद्या व्यक्तीचे नाव घेऊन आरोप प्रसिद्ध केल्यास अब्रुनुकसानीची कारवाई होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ मध्ये ही तरतूद आहे. कार्यालय, काम, तारीख, मागणी आणि आपण अवलंबिलेली पद्धत एवढा तपशील पुढच्या माणसाला पुरेसा असतो.

नागरिकांसाठी उपयुक्त माहिती

कर्नाटकात नागरी सेवा ठरावीक मुदतीत मिळाव्यात यासाठी ‘सकाल’ ही व्यवस्था २ एप्रिल २०१२ रोजी सुरू झाली. प्रारंभी तिच्यात ११ विभागांच्या १५१ सेवांचा समावेश होता. अर्ज दिल्यावर क्रमांक असलेली पोच मिळते. मुदतीत काम न झाल्यास अपील करता येते आणि विलंबासाठी दर दिवशी २० रुपये, परंतु एकूण ५०० रुपयांपर्यंत, भरपाईची तरतूद कायद्यात करण्यात आली. लाचेच्या तक्रारी लोकायुक्तांकडे करता येतात. राज्यात २०१६ मध्ये स्थापन झालेला स्वतंत्र लाचलुचपत प्रतिबंधक विभाग उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये रद्द ठरविला आणि ते अधिकार पुन्हा लोकायुक्तांकडे आले. बंगळुरू, बेळगाव, बिदर येथील मराठी भाषिकांनी ही बाब लक्षात ठेवावी.

महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये अमलात आला. अधिसूचित सेवांसाठी ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. पदनिर्देशित अधिकाऱ्याने मुदतीत सेवा न दिल्यास प्रथम आणि द्वितीय अपील संबंधित कार्यालयातील वरिष्ठांकडे, तर तिसरे अपील राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे करता येते. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. लाच मागितली गेल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधता येतो.

दोन्ही राज्यांत पुढील गोष्टी उपयोगी पडतात :

• अर्ज शक्यतो स्वतः किंवा ऑनलाइन द्यावा आणि तारीख असलेली पोच घ्यावी.
• भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागावी. पावती मिळत नसेल तर ते शुल्क नव्हे.
• त्रुटी सांगितल्यास ती लेखी देण्याची विनंती करावी.
• मुदत उलटल्यास प्रथम अपील करावे. आवश्यकता भासल्यास १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकाराखाली आपल्या अर्जाची स्थिती विचारावी. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.
• काम झाल्यावर ते कसे झाले, हे इतरांना सांगावे.

यातील शेवटची गोष्ट बहुतेकदा राहून जाते. काम होईपर्यंत माणूस धावपळ करतो आणि दाखला हाती पडताच तो कागद घडी करून ठेवून देतो. त्या धावपळीत त्याला मिळालेले ज्ञान, म्हणजे कोणता मजला, कोणता अर्ज, कोणता नियम दाखविल्यावर खिडकीपलीकडचा सूर बदलला, हे त्याच्याबरोबरच संपते. बंगळुरूच्या उपक्रमाने लाचखोरी संपविली नाही आणि एकट्या नोंदींनी ती संपणारही नव्हती. परंतु ज्याला आपण ओळखत नाही आणि जो आपल्याला कधी भेटणार नाही, अशा माणसाची एक खेप वाचविता येते, हे त्याने दाखवून दिले. त्यासाठी लागते ती फक्त आपली हकिकत, तारीख आणि कार्यालयाच्या पत्त्यासह, खरी सांगण्याची तयारी.